धरण न घालता मिन नदी वळवली कशी?

पंचगंगाकाठ (कोल्हापूर): इ.स.पू. २५६ च्या सुमारास चीनमध्ये ली बिंग या सुभेदारानं दुजियांगयान या ठिकाणी मिन नदी फोडून चेंगडूच्या मैदानाला पाणी दिलं. नदीला आडवी भिंत नाही म्हणे. आपण निदान बंधाऱ्यात बरगे (अडवायच्या फळ्या) तरी घालतो. मग पाणी चढतं कसं, आणि पुराचं, गाळाचं काय?

बरगेवाला: चढवायची गरजच नाही. नदी डोंगर सोडते त्या उंच जागीच ती फोडलीय. पात्राच्या मधोमध माशाच्या तोंडासारखा निमुळता बांध आहे. कालव्याकडचा फाटा अरुंद पण खोल, दुसरा रुंद पण उथळ. पाणी कमी असलं की ढोबळ सहा हिस्से खोल फाट्यात जातात, चार दुसऱ्यात. पुरात रुंद फाटा जास्त ओढतो आणि हिशेब उलटतो. दारं नाहीत, पाटकरी नाही.

गाळाचं काम वळणावर होतं. तिथं वरचं नितळ पाणी बाहेरच्या काठाला जातं, तळाची वाळू-गोटे आतल्या काठाकडे सरकतात. कालव्याचा फाटा बाहेरच्या अंगाला घेतलाय. तरीही आत आलेला गाळ पुढच्या बुटक्या सांडव्यावरून मूळ नदीत फेकला जातो, कारण त्यापुढचं खडकात कोरलेलं कालव्याचं तोंड जेमतेम २० मीटर रुंद आहे. जादा पाणी तिथं अडून उलटं फिरतं. सुरुंगाची दारू तेव्हा कुठली? खडकावर जाळ करायचा, तापला की पाणी ओतायचं, तडकला की फोडायचा.

शिवारपाणी: मधला बांध वाहून जात नाही?

काळी_माती: जायचा की, म्हणून तर दरवर्षी डागडुजी असायची. बांबूच्या कामट्यांच्या लांबोळक्या जाळ्या विणून त्यात नदीतलेच गोटे भरायचे आणि थर रचायचे. तळ खचला तर जाळी वाकून बसते. दगडी भिंत मात्र खालून पोखरली की आख्खी कलंडते. पुढे युआन राजघराण्याच्या काळात ओतीव लोखंडाचं कासव आणि नंतरच्या मिंग घराण्याच्या काळात लोखंडी बैल टोकाला बसवले, तेही नदीनं ठेवले नाहीत.

गाळ हिवाळ्यात काढायचा. ओंडक्यांच्या तिवया ओळीनं उभ्या करायच्या, वजनाला गोट्यांच्या जाळ्या ठेवायच्या, पुढून चटया लावून चिखल थापायचा, की फाटा कोरडा पडायचा. किती खणायचं ते ठरलेलं असायचं: तळात पुरलेले लोखंडी दांडे दिसेपर्यंत. त्याच्या वर थांबलात तर कालव्याला पाणी पुरत नाही, खाली गेलात तर पुराचं पाणी शेतात घुसतं. एप्रिलच्या सुरुवातीला दोर तोडून तिवया पाडल्या की पाणी सुटायचं.

शिवारपाणी: मग पंचगंगेवर का नको?

बरगेवाला: भावा, उतार कुठाय? राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी फुगवूनच धरावं लागतं, वर शेताला पंप लागतो तो वेगळाच.

काळी_माती: एक पुरवणी. "दारं नाहीत" हे जुन्या रचनेपुरतं खरं. १९७४ साली रुंद फाट्यावर दारांचा बंधारा झालाय आणि माशाचं तोंडही आता काँक्रीटचं आहे.