बग्गीला ट्रान्सफर केस कोणती? माझं मत: रेशो नंतर, आधी दोन वेगळे दांडे

दगडवाट (धागा)

मंडळी, पाइपची चेसिस उभी राहिली. इंजिन आणि पाच गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स जागेवर बसला. गाडं अडलंय ते ट्रान्सफर केसवर, म्हणजे गिअरबॉक्सचा जोर पुढच्या-मागच्या एक्सलला वाटणाऱ्या पेटीवर.

आधी गाडीचे आकडे देतो, नाहीतर चर्चा हवेत जाईल. इंजिनचा टॉर्क ३०० न्यूटन-मीटर, पहिला गिअर ४.०, दोन्ही एक्सल ४.८८, दोन्हींना लॉकर (एक्सलची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा), ३७ इंची टायर, दोन माणसं धरून वजन १३०० किलो. काम म्हणजे दगडांची अरुंद वाट, ओढे, मध्येमध्ये चिखलाचा चढ. डांबरी रस्त्यावर ही गाडी ट्रेलरवरूनच जाणार.

बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात, "लो रेंज किती?", म्हणजे केस वेग किती पटीने कमी करून जोर वाढवते. मला तो दुसरा प्रश्न वाटतो. पहिला प्रश्न हा की केसमधून एक्सलकडे जाणारा पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांपासून स्वतंत्र सोडता येतो का. दोन दांड्यांची केस (दोन शाफ्टना दोन वेगळे लिव्हर) असेल तर मागचा शाफ्ट न्यूट्रलला टाकून, मागची चाकं हँडब्रेकने धरून, फक्त पुढच्या चाकांनी नाक ओढून घेता येतं. दोन्ही लॉकर लागलेली गाडी अरुंद जागी वळतच नाही, ती सरळ ढकलत राहते. तिथे ही सोय म्हणजे तीनदा मागेपुढे करण्याऐवजी एकदाच वळणं. एनपी २३१ सारख्या चेनच्या केसमध्ये (पुढच्या शाफ्टला आतून चेनने जोर देणाऱ्या) मागचा शाफ्ट सोडताच येत नाही.

म्हणून माझा कौल गिअरच्या केसला. डाना ३०० (जीप सीजेमध्ये १९८० ते १९८६ यायची, लो २.६२, बिडाचं हौसिंग) किंवा दोन दांड्यांची ऍटलास. चेनवाले, तुमची बाजू मांडा.

---

तेलकट हात

मांडतोच. माझ्या बग्गीत एनपी २३१ आहे आणि मला ती बदलायची अजिबात इच्छा नाही.

एक, वजन. जाड बिडाच्या एनपी २०५ पुढे २३१ जवळपास निम्म्या वजनाची आहे. १३०० किलोच्या गाडीत तीस किलो म्हणजे थट्टा नाही, आणि बग्गी हलकी ठेवायची म्हणूनच तर आपण पत्रा काढून पाइप वाकवतो.

दोन, लो. २३१ चा लो २.७२ आहे, म्हणजे डाना ३०० पेक्षा खोल. एनपी २०५ चा तर १.९६ च. "गिअरची म्हणजे दणकट" या एका शब्दावर लोक २०५ बसवतात आणि मग दगडावर क्लच जाळतात.

तीन, आणि हा मुद्दा कुणी बोलत नाही: चेन तुटते ती बहुधा आधी सैल झालेली असते. वेळेवर बदलली, ऑईल पातळी राखली, तर एवढ्या हलक्या गाडीत ती टिकते. मागे लांब शेपूट आणि सरकता योक (शाफ्ट जोडायचा तुकडा) आहे तेवढा मात्र काढाच. फिक्स योकचा किट बसवला की केस आखूड होते, मागचा शाफ्ट लांब मिळतो आणि त्याचा कोन सुसह्य होतो. त्या किटशिवाय २३१ ला नावं ठेवणं मला अन्यायाचं वाटतं.

मागचा शाफ्ट सोडून वळायची युक्ती मला आवडते, पण वर्षातून किती वेळा लागते? मी विंचने (दोर गुंडाळून गाडी ओढणाऱ्या यंत्राने) नाक ओढून घेतो.

---

रानवाट

तेलकट हात यांच्याशी वजनावर सहमत, चेनवर नाही.

माझ्या जुन्या गाडीत चेनची केस होती. उभ्या चढावर, पुढचं चाक खाचेत अडकलेलं, मी थोडा जास्त दाब दिला आणि आतून "कट्‌-कट्‌-कट्‌" आवाज सुरू झाला. चेन दात सोडून उड्या मारत होती. पुढची ओढ गेली, आणि नेमकी तेव्हा गेली जेव्हा गाडी फक्त पुढच्या ओढीवर टिकून होती. मागे सरकताना सोबतीला असलेल्या मित्राने दगड लावला म्हणून गाडी उलटली नाही. चेन सैल होती हे मान्य. पण सैल झालेली बाहेरून दिसत नाही, केस उघडावी लागते. झिजलेला गिअर निदान रडतो तरी, आणि तो रडायला लागल्यापासून तुटेपर्यंत बराच वेळ देतो.

---

आकडेमोड

तुम्ही दोघंही जोरावर भांडताय, तर जोर मोजू.

क्रॉल रेशो म्हणजे पहिला गिअर गुणिले केसचा लो गुणिले एक्सल. दगडवाट यांच्या गाडीत:

२०५ (१.९६): ३८. हजार आरपीएमला ताशी ४.६ किमी.
२३१ (२.७२): ५३. ताशी ३.३ किमी.
रुबिकॉनची २४१ (४.०, ही पण चेनचीच): ७८. ताशी २.३ किमी.
ऍटलास ५.०: ९८. ताशी १.८ किमी.

माणूस सावकाश चालतो तो ताशी तीन-चार किमीने. म्हणजे २३१ वर बग्गी माणसाच्या चालीने चढते, आणि ज्या दगडावर चाक इंचाइंचाने ठेवायचं तिथे हे जास्तच आहे. दोन दांड्यांचं कौतुक मला कळतं, पण नाक वळवायची वेळ दिवसातून दोनदा येते आणि हळू जायची वेळ दर मिनिटाला. म्हणून माझ्या मते रेशोच पहिला. ४ च्या खाली जाऊ नका.

---

तेलकट हात

आणि ४ च्या केसमधून शाफ्टला किती टॉर्क जातो ते पण लिहा ना. ३०० गुणिले ४ गुणिले ४, म्हणजे ४८००. ५ च्या केसला ६०००. माझ्या २.७२ ला ३२६४. युनिव्हर्सल जॉइंटचा (शाफ्टच्या सांध्याचा) क्रॉस कुठला तुटेल ते सांगायला ज्योतिषी नको.

---

आकडेमोड

हे अर्धंच खरं आहे, आणि हीच गल्लत सगळीकडे होते.

केस ६००० देऊ शकते याचा अर्थ शाफ्टवर ६००० येतात असा नाही. टायर घसरला की तिथेच हिशोब संपतो. सगळं १३०० किलो वजन एकाच एक्सलवर आलं आणि पकड ०.९ धरली, तरी चाकांपाशी सुमारे ५४०० न्यूटन-मीटरनंतर टायर फिरणार. ४.८८ ने भागा: शाफ्टवर ११०० च्या आसपास. तुमच्या २३१ लाही तेवढेच, ऍटलासलाही तेवढेच.

अपवाद एकच. चाक दोन दगडांच्या मध्ये पाचरीसारखं अडकलं तर टायर घसरत नाही, आणि मग केस जेवढं देईल तेवढं शाफ्ट खातो. रानवाट यांच्याबरोबर नेमकं हेच झालं. पण तिथे खोल लो असेल तर पाय हलका ठेवता येतो. उथळ लो असला की गाडी हलवायला इंजिन फिरवून क्लच सोडावा लागतो, आणि तो झटका क्रॉस तोडतो.

---

चिखलाचा माणूस

सगळे दगडावरच बोलताय. धाग्यात चिखलाचा चढ पण लिहिलाय, तो वाचला का कुणी?

चिखलात चाकाला वेग लागतो. टायरच्या खाचा भरल्या की तो नुसता गोळा होतो, जोरात फिरला तरच चिखल फेकतो. ५ च्या लोमध्ये दुसऱ्या गिअरवर (२.३५ धरा) इंजिन चार हजारला नेलं तरी चाकाचा वेग ताशी १२ किमी. २.७२ वर तोच ताशी २३. ५ वाला माणूस चढाच्या मध्येच गिअर बदलतो आणि बदलताना थांबतो. मी हे इतक्यांदा बघितलंय की नवीन कुणी "५ घेतोय" म्हटलं की मला त्याला हाताला धरून एकदा पावसात न्यावंसं वाटतं.

दोन्ही हवं असेल तर डबलर. एनपी २०३ चा पुढचा रेंज बॉक्स (२.०) आणि मागे २०५ (१.९६). लो दोन मिळतात: साधारण २ आणि ३.९. चिखलाला एक, दगडाला दुसरा.

---

रानवाट

डबलरचं वजन आणि लांबी? व्हीलबेस आखूड असेल तर मागचा शाफ्ट वीतभर उरेल आणि त्याचा कोन असा होईल की क्रॉस दर फेरीला बदला. लोखंडी डबलर लांब ट्रकला ठीक. हलक्या गाडीला टोयोटाच्या जुन्या पिकअपची जोडी बघा, गिअरची आणि ऍल्युमिनियमची. एकीचा लो २.२८, दोन्ही लावल्या की ५.२. लांबीचा प्रश्न तिथेही आहे, पण वजनाचा कमी.

---

नवशिक्या

मध्येच विचारतो. लँड रोव्हरची एलटी २३० का नको? गिअरची आहे, लो ३.३२ आहे, सेंटर डिफ (पुढच्या-मागच्या शाफ्टना वेगळ्या वेगाने फिरू देणारा) आहे आणि तो लॉकही होतो.

---

दगडवाट

चांगला प्रश्न. केस उत्तमच आहे, आणि ३.३२ मला हवा तितकाच आहे. पण ती कायम चारही चाकं चालवते. सेंटर डिफचा खरा फायदा घट्ट रस्त्यावर, तिथे माझी गाडी जाणारच नाही. आणि मूळ रूपात एक शाफ्ट सोडता येत नाही, म्हणजे मला हवी तीच गोष्ट तिच्यात नाही.

---

जुना मिस्त्री

बराच वेळ वाचतोय. एकाही पोस्टमध्ये पुढचा डिफ (एक्सलवरचा गिअरचा गोळा, जिथे शाफ्ट जोडतो) कुठल्या बाजूला आहे ते आलं नाही. डाना ३०० चं पुढच्या शाफ्टचं तोंड उजव्या बाजूला निघतं, जीपच्या २३१ चं डाव्या. एक्सल डाव्या डिफचा आणि केस उजवी घेतली तर शाफ्ट इंजिनच्या खालून तिरका न्यावा लागेल, म्हणजे जमणारच नाही. आधी एक्सल बघा, मग केस. रेशोच्या वादात पोरं केस घेऊन येतात आणि मग ती वर्षभर कोपऱ्यात पडते.

दुसरं, पोटाची उंची. केस फिरवून आडवी बसवता आली तर खालची पट्टी सपाट होते. पण आडवी केली की पुढचं तोंड वर येतं आणि पुढच्या शाफ्टचा कोन वाढतो. रिकामं हौसिंग किंवा पुठ्ठ्याचा साचा चेसिसमध्ये टांगा, सस्पेन्शन पूर्ण खाली सोडा आणि तेव्हा कोन मोजा. गाडी सपाट उभी असताना मोजलेला कोन उपयोगाचा नाही.

आणि दगडवाट, डाना ३०० ला दोन दांडे करताना आतली इंटरलॉकची गोळी (दांडे चुकीच्या जोडीत लागू न देणारी) काढून टाकतात. मग पुढचा लो आणि मागचा हाय असं एकाच वेळी लागू शकतं. तसं लागलं आणि क्लच सोडला तर पुढचं काही सांगायला नको. दांडे असे बनवा की नुसत्या हाताच्या स्पर्शाने कळेल कोण कुठे आहे.

---

दगडवाट

मिस्त्रीबुवा, तुमचा प्रतिसाद वाचून कालच साचा टांगला. माझा पुढचा डिफ डाव्या बाजूचा आहे. म्हणजे डाना ३०० इथेच बाद, आणि हे मला चेसिस वेल्ड करायच्या आधी सुचायला हवं होतं.

आता उरली डावीकडे तोंड असलेली ऍटलास. दोन दांड्यांवर मी ठाम आहे. तेलकट हात, विंच लावायला पुढे झाड किंवा खडक लागतो. माझ्या वाटेत निम्म्या वळणांवर समोर दरी आहे. रेशोवर मात्र चिखलाच्या माणसाने मला हलवलं, ५ आणि ४.३ सोडले. मनात ३.० आहे, क्रॉल ५९.

---

आकडेमोड

३.० नको, ३.८ घ्या. क्रॉल ७४. दुसऱ्या गिअरवर चार हजारला ताशी १६ मिळतो, तिसऱ्यावर त्याहून बराच जास्त. चढाच्या खालीच तिसरा टाकून निघा, मध्ये बदलायची गरजच नाही.

---

चिखलाचा माणूस

३.८ च्या लोमध्ये तिसऱ्या गिअरवर तुमचं ३०० चं इंजिन चिखल ओढेल का, हा प्रश्न उरतोच. मी ३.० लाच हात वर करतो.

---

दगडवाट

ओढेल असं मला वाटतं, गाडी १३०० किलोचीच आहे. ३.८ मागवतो. पहिल्या पावसानंतर याच धाग्यात लिहीन की चिखलाचा माणूस बरोबर होता की आकडेमोड.