बाबांनी अंडी सोडली, खारी नाही, आणि आता गोळीही सोडतायत

वाशिष्ठीकाठ:
आम्ही चिपळूणचे. बाबा 63 वर्षांचे. फेब्रुवारीत छातीत दुखलं, अँजिओग्राफी झाली, एक स्टेंट बसला. तेव्हा एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) 162 होतं, गेल्या आठवड्यात 68 आलं. बाबांनी लगेच जाहीर केलं, "नॉर्मल आलंय, रात्रीची गोळी बंद." गोळी अ‍ॅटोरव्हास्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी आहे. दोन रात्री घेतलेली नाही.

घरात अंडी बंद, आईने वाटपातला नारळ बंद केला, पण सकाळ-संध्याकाळ चहाबरोबर तीन-तीन खाऱ्या चालूच. त्यात आत्याने मेसेज पाठवलाय की अमेरिकेने 2015 च्या सुमाराला कोलेस्टेरॉलची मर्यादाच काढून टाकली, तूप कितीही खा. बाबा माझं ऐकत नाहीत. त्यांना पटेल असं कोणी सांगाल का?

मिरजेची लॅबवाली:
अगं, गोळी आज रात्रीच सुरू करायला सांग आणि उद्या डॉक्टरांना फोन करून दोन रात्री चुकल्याचं कळव. बाकीचं नंतर. 68 हा आकडा गोळीमुळे आलाय. गोळी थांबली की काही आठवड्यांत तो पुन्हा वर जातो. रिपोर्टवर 100 पर्यंत नॉर्मल छापलेलं असतं, ते स्टेंटवाल्यांसाठी नाही. त्यांचं 70 च्या खाली, पुष्कळदा 55 च्याही खाली ठेवतात.

मी 28 वर्षं रक्ततपासणीत काढली. रक्त मशीनमध्ये फिरवलं की लाल पेशी तळाला बसतात आणि वर सीरम येतं. ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली दुसरी चरबी, खूप वाढलेली असली तर ते दुधात पाणी घातल्यासारखं दिसतं. पण नुसतं एलडीएल वाढलेलं असेल तर सीरम नितळ, फिकट पिवळं. अशी स्वच्छ नळी उजेडाला धरून पाहायची आणि आकडा यायचा 190! मला दरवेळी धसका बसायचा. त्या माणसाला बाहेर बाकावर बसून काहीसुद्धा होत नसायचं. बाबांना हे सांग. बरं वाटतंय म्हणून गोळी सोडायची, असं या दुखण्यात चालत नाही.

आत्यांचा मेसेज अर्धा खरा आहे. अमेरिकेच्या आहाराच्या सूचनांतून खाण्यातल्या कोलेस्टेरॉलची दिवसाला 300 मिलिग्रॅमची मर्यादा काढली, पण संपृक्त चरबी (तूप-लोण्यातली, थंडीत गोठणारी) एकूण उष्मांकाच्या 10 टक्क्यांच्या आत ठेवा, हे त्याच सूचनांत आहे. तूप येतं ते इथे. यकृताच्या पेशींवर रक्तातलं एलडीएल उचलून घेणारे रिसेप्टर असतात. ब्राउन आणि गोल्डस्टीन या अमेरिकन शास्त्रज्ञांना 1985 चं नोबेल मिळालं ते याच शोधासाठी. संपृक्त चरबी वाढली की हे रिसेप्टर कमी पडतात, एलडीएल रक्तात फिरत राहतं आणि धमनीच्या अस्तराखाली साठतं. गोळी यकृताचं स्वतःचं कोलेस्टेरॉल बनवणं कमी करते, म्हणून यकृत जास्त रिसेप्टर काढून रक्तातलं ओढून घेतं.

चमचाभर तुपात साधारण 3 ग्रॅम संपृक्त चरबी असते. वरणभातावर तेवढं चालेल का, ते डॉक्टरांना विचार. खारी मात्र आधी बंद. मैदा आणि घट्ट चरबी, दुसरं त्यात आहे काय? जानेवारी 2022 पासून तेल आणि वनस्पती तुपात ट्रान्स फॅट (तेल घट्ट करताना तयार होणारी घातक चरबी) 2 टक्क्यांच्या आत हवं असा नियम आला, तरी घट्ट चरबी राहतेच. तूप सोडून मैदा-साखर वाढवली तर हृदयाला काही मिळत नाही.

तेलाची_बरणी:
आमच्याकडे बायपासनंतर आहारतज्ज्ञांनी माणशी महिन्याला अर्धा लिटर तेल सांगितलं. चौघांना दोन लिटर. आईने एक तारखेला तेवढंच बरणीत ओतायला सुरुवात केली. पहिल्या महिन्यात 19 तारखेला बरणी रिकामी! तेव्हा कळलं, भजी आणि फोडणीत किती जातं ते. खोबरेल तेलात जवळपास 90 टक्के संपृक्त चरबी असते, शेंगदाण्याच्या तेलात पाचव्या हिश्श्याहून कमी. आणि तुम्ही चिपळूणकर, बांगड्याचं तिखलं आणि कुळथाची पिठी आहे की तुमच्याकडे. बांगडा तळू मात्र नका.

वाशिष्ठीकाठ:
काकू, तुमचा नळीचा किस्सा बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. ते बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, "माझंही तसंच नितळ असेल का?" मी म्हटलं, असेल. रात्री जेवल्यावर गोळी स्वतः मागून घेतली. डॉक्टरांनाही फोन झाला, पुढच्या आठवड्यात बोलावलंय. खारीचं अजून मान्य नाही, संध्याकाळची एक राहू दे म्हणतात. आईने आज कुळीथ भिजत घातलेत.