मदत हवी आहे : ऐन चाचणीच्या वेळी मूडल बंद पडतं

कॉमर्सवाली
कॉलेजच्या मूडलवर (नोट्स, असाइनमेंट, चाचण्या ऑनलाइन घ्यायची प्रणाली) एस.वाय.ची चाचणी लावली की पाचेक मिनिटांत सगळं ठप्प. पान नुसतं गोल गोल फिरत राहतं. एरवी नोट्स, असाइनमेंट सगळं छान चालतं. गुरुवारी परत चाचणी आहे, मार्क अंतर्गत मूल्यमापनात धरायचेत. काय करू? "कागदावर घ्या" कृपया सांगू नका, ते आमचे एचओडी रोज सांगतात.

सर्व्हरदादा
मुलं किती? सर्व्हर कॉलेजात आहे की होस्टिंग भाड्याचं, म्हणजे बाहेरच्या कंपनीच्या सर्व्हरवर? एरर काय दिसते? मुलं कुठल्या नेटवर असतात? नुसतं ठप्प म्हटल्यावर आम्ही काय ओळखणार, मॅडम?

फॉर्मभक्त
मूडलची हौसच कशाला? गूगल फॉर्मला क्विझ करा. दहा मिनिटांत तयार, मार्क थेट शीटमध्ये. सिडकोतल्या आमच्या क्लासमध्ये कधीपासून हेच चालतं.

पंचवटीकर_मीनाक्षी
@फॉर्मभक्त, फॉर्ममध्ये प्रश्नांचा क्रम बदलतो, प्रश्न तेच राहतात. पहिल्या बाकावरून व्हॉट्सअॅपवर स्क्रीनशॉट पडला की शेवटच्या बाकापर्यंत सगळे हुशार. मूडलमध्ये प्रश्नपेढी करून प्रत्येक मुलाला वेगळे प्रश्न देता येतात. आकडेही बदलता येतात, म्हणजे घसाऱ्याच्या एकाच गणितात कुणाला ८०,००० चं यंत्र, कुणाला ९५,००० चं.

फॉर्मभक्त
कॉपी करणारा कशातही करतो. आणि एवढी प्रश्नपेढी भरणार कोण? तुम्ही याल का भरायला?

जुना_मास्तर
नाशकात १९८९ साली मुक्त विद्यापीठ निघालं, राम ताकवले सर पहिले कुलगुरू. तेव्हा कुठलं मूडल? दूरशिक्षणाची पुस्तकंच अशी लिहायची की शिक्षक शेजारी बसून बोलतोय असं वाटावं. थोडं वाचलं की लगेच प्रश्न, उत्तरं मागच्या पानांवर. खरं तंत्र ते. आता यंत्रं आली पण प्रश्न चार पर्यायांचेच. जर्नल एंट्री लिहायला लावा, टिकमार्कने अकाउंट्स येत नाही.

कॉमर्सवाली
मुलं ११०. होस्टिंग भाड्याचं आहे, ऑफिस बघतं, मला पासवर्डसुद्धा देत नाहीत. एरर बघायला फुरसत कुठे होती? पोरं ओरडत होती. जर्नल एंट्रीचा मुद्दा मान्य, पण ११० वह्या कोण तपासणार?

सर्व्हरदादा
नेट कुठलं, ते राहिलंच. आणि एका पानावर एकच प्रश्न ठेवलाय का? तसं असेल तर दर 'पुढे'ला सर्व्हरवर फेरी पडते. शिवाय मूडल साधारण मिनिटा-मिनिटाला उत्तरं आपोआप साठवतं, त्याचा भार वेगळा. एका पानावर पाच-पाच प्रश्न ठेवा, आणि दोन ग्रुप करून अर्ध्या तासाच्या अंतराने सोडा.

रेकॉर्डिंगराजा
ताई, कॉलरला लावायचा माईक घ्या, लेक्चरच्या व्हिडिओत पंख्याची घरघर बरीच कमी येते. सहा-सात मिनिटांचे तुकडे करा, तासाभराचा व्हिडिओ कुणी बघत नाही.

पंचवटीकर_मीनाक्षी
@रेकॉर्डिंगराजा, व्हिडिओचं कुणी विचारलंय का?

फळ्यापुढचा
मार्कांचा हट्ट नसेल तर प्लिकर्स बघा. मुलांकडे फोनच लागत नाही. प्रत्येकाला एक छापील कार्ड, उत्तराप्रमाणे अ-ब-क-ड बाजू वर धरायची. मास्तर आपल्या फोनच्या कॅमेऱ्याने वर्ग टिपतो, कुणाचं चुकलं ते तिथल्या तिथे दिसतं. आमच्याकडे इगतपुरीहून येणाऱ्या कित्येक मुलांचा डेटा दुपारपर्यंत संपलेला असतो, त्यांना हे सोयीचं पडतं.

कॉमर्सवाली
मार्क लागणारच आहेत हो. सगळे कॉलेजच्याच वायफायवर असतात, दोन लॅब आणि हॉल. अजून एक वैताग : आजारी म्हणून घरी राहिलेल्या ओझरच्या मुलीने अख्खी चाचणी मजेत दिली, इथे १०९ जण स्क्रीनकडे बघत बसले. आता तिचे मार्क धरायचे की नाही यावरून भांडण. अर्ध्या-पाऊण तासाने सगळं आपोआप सुरू झालं, तोवर तास संपला होता.

सर्व्हरदादा
अहो, हे पहिल्याच पोस्टीत सांगायचं होतं! त्याच वेळी ओझरहून चाललं, म्हणजे सर्व्हर जिवंत होता. तुमचं अख्खं कॉलेज बाहेरच्या जगाला एकाच आयपी पत्त्याने (इंटरनेटवरच्या क्रमांकाने) दिसतं. एकाच पत्त्यावरून एकदम शंभरच्या वर जोडण्या आल्या की होस्टिंगच्या फायरवॉलला, म्हणजे तिथल्या पहारेकरी यंत्रणेला, तो हल्ला वाटतो आणि तो पत्ता काही वेळ अडवला जातो. मुदत संपली की आपोआप सुटतो, तुमच्याकडे झालं तसंच. ऑफिसला सांगा, होस्टिंगवाल्याला फोन करून कॉलेजचा आयपी व्हाइटलिस्ट करून घ्या, म्हणजे 'याला अडवू नका' अशा यादीत टाकून घ्या. तो पत्ता स्थिर आहे ना, तेही विचारा, नाहीतर उद्या बदलला की पुन्हा तेच.

फळ्यापुढचा
वायफायचा राउटरच दमला असेल तर? आमच्या हॉलमध्ये एका राउटरवर शंभर फोन म्हणजे कुणालाच काही नाही.

सर्व्हरदादा
मग गूगलही उघडलं नसतं. मॅडम, व्हॉट्सअॅप चालू होतं का?

कॉमर्सवाली
चालू म्हणजे! "मॅडम साइट बंद आहे" हे तिथेच तर येत होतं. ऑफिसला सांगते.

कॉमर्सवाली (शुक्रवार)
होस्टिंगवाल्यांनी लॉग (सर्व्हरच्या नोंदी) बघून सांगितलं, आमचा आयपी ब्लॉक यादीत येऊन गेला होता. व्हाइटलिस्ट झाला, स्थिरच आहे. दोन बॅच केल्या, पानावर पाच प्रश्न, एकदाही अडकलं नाही. आता त्र्यंबकहून येणारी चार मुलं सिटीलिंकची बस उशिरा आली म्हणून राहिली. त्यांच्यापुरतीच चाचणी पुन्हा उघडता येते का? लवकर सांगा, एचओडी समोर उभे आहेत.

पंचवटीकर_मीनाक्षी
क्विझमध्ये 'युजर ओव्हरराइड' आहे. मुलाचं नाव निवडा, त्याच्यापुरती नवी वेळ टाका. बाकीच्यांना बंदच राहते.

फॉर्मभक्त
फॉर्ममध्ये नुसतं बटण दाबलं की पुन्हा सुरू होतो.

पंचवटीकर_मीनाक्षी
सगळ्यांसाठी सुरू होतो!