आधी संहिता, मग प्रयोग : आपले अनुभव लिहावेत

धागाकर्ती, सांगली

मी नाट्यशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. माझे गाव स्वतःला नाट्यपंढरी म्हणवते आणि दरवर्षी 5 नोव्हेंबरला, मराठी रंगभूमी दिनी, येथे आद्य मराठी नाटककार विष्णुदास भावे यांच्या नावाचे गौरवपदक दिले जाते. तरीही नवे नाटक आमच्याकडे दौऱ्यात एखाद्या रात्रीपुरते येते आणि ती रात्र हुकली की हुकलीच. त्यामुळे आजची बहुतेक नाटके मी पाहण्याआधी वाचली आहेत, आणि काहींच्या बाबतीत तर अजून वाचनावरच भागवते आहे.

प्राजक्त देशमुख यांचे ‘संगीत देवबाभळी’ असेच आधी हाती आले. तुकोबांची भाकरी घेऊन निघालेल्या आवलीच्या पायात काटा रुततो, प्रत्यक्ष विठ्ठल तो काढतो आणि रखुमाई लखूबाई होऊन आवलीच्या घरी तिची सेवा करायला राहते. पुस्तक वाचताना मी दोघींचा वाद तेवढा वाचला. कोण कोणाला निरुत्तर करते, याच्यावरच माझे लक्ष होते. पुढे पुण्यात प्रयोग पाहिला आणि दोघी गाऊ लागल्या, तेव्हा लक्षात आले की, ज्या ओळी मी ‘हे गाणे आहे’ म्हणून ओलांडून पुढे गेले होते, त्या ओळींतच त्या एकमेकींच्या जवळ येत होत्या. घरी येऊन मी तेच पुस्तक पुन्हा वाचले, पण या वेळी मोठ्याने. आईने दोनदा स्वयंपाकघरातून डोकावून पाहिले.

आपण आधी वाचलेले आणि मग पाहिलेले एखादे नाटक असेल, तर वाचताना नेमके काय निसटले होते, ते लिहावे ही विनंती. कलाकारांच्या भेटी आणि त्यांच्याबरोबरची छायाचित्रे हा विषय या धाग्यापुरता बाजूला ठेवू या.

शिक्षिका, मिरज

प्रशांत दळवी यांचे ‘चारचौघी’ 1991 साली रंगभूमीवर आले, तेव्हा मी शाळेत होते. ते मला कळले पुस्तकातून. त्यात विद्या नवऱ्याशी फोनवर बोलते, तो दीर्घ प्रवेश सर्वश्रुत आहे. पलीकडच्या माणसाचे बोलणे आपल्याला ऐकू येत नाही. वाचताना माझी नजर विद्याच्या एका वाक्यावरून दुसऱ्या वाक्यावर सरळ घसरत गेली आणि तो प्रवेश मला एका दमात केलेल्या भाषणासारखा वाटला. काहीसा लांबलेला वाटला, हेही कबूल करते. 2022 साली ते नाटक नव्या संचात पुन्हा आले आणि मुक्ता बर्वे यांची विद्या मी पाहिली. त्या बोलत होत्या त्याहीपेक्षा त्या ऐकत होत्या, ते पाहण्यासारखे होते. नवरा काय म्हणाला असेल, हे त्यांच्या मानेवरून, धरलेल्या श्वासावरून कळत होते. दुसऱ्या पात्राचे संवाद छापलेले नव्हते, म्हणून ते नाहीतच, असे मी इतकी वर्षे धरून चालले होते.

तेव्हापासून वर्गात एकांकिका वाचून घेताना मी मुलींना सांगते की, आधी न छापलेले अर्धे संभाषण वहीत लिहून काढा आणि मग वाचायला उभ्या राहा. मुली कुरकुरतात, पण लिहितात.

महाविद्यालयीन विद्यार्थी, सातारा

माझा अनुभव थोडा हास्यास्पद आहे. महेश एलकुंचवार यांचे ‘वाडा चिरेबंदी’ (1985) मी दोनदा वाचले होते. त्यातील म्हातारी दादी सारखी ‘किती वाजले’ असे विचारत राहते. वाचताना ही पुनरुक्ती मला कंटाळवाणी वाटली आणि दुसऱ्या वाचनात तर मी त्या ओळी चक्क गाळल्या. चंद्रकांत कुलकर्णी यांनी दिग्दर्शित केलेला प्रयोग पाहायला मी पुण्याला गेलो, तेव्हा स्वारगेटहून साताऱ्याची रात्रीची एसटी गाठायची होती. दादीने वेळ विचारली की माझा हात आपोआप मनगटाकडे जायचा. तिसऱ्या-चौथ्या वेळी शेजारच्या आजोबांनी माझ्याकडे रागाने पाहिले. अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर, कोणीही उत्तर द्यायला उत्सुक नसलेला तो प्रश्न आणि माझी एसटी, हे सारे त्या रात्री एकमेकांत गुंतले. वाड्यातील कोणालाही कुठे वेळेवर पोहोचायचे नव्हते, मला होते. एसटी मिळाली, परंतु अखेरचा प्रवेश मी बसमधल्या दिव्याखाली पुस्तकात वाचला. पूर्ण प्रयोग मी अजून पाहिलेला नाही.

नाट्यप्रयोगांचा ठेका घेणारा, कराड

मला नाटके वाचायची सवय नाही, मी हिशेब वाचतो. धागाकर्तीने रात्र हुकण्याविषयी लिहिले आहे म्हणून सांगतो. शनिवार-रविवार पुण्या-मुंबईला द्यावे लागतात, म्हणून आमच्या वाट्याला बहुधा मधला वार येतो. त्यावर कलाकारांची बस, नेपथ्याचा टेम्पो, नाट्यगृहाचे भाडे आणि मुक्काम. विनोदी नाटकाला प्लॅन (तिकिटांचा आसननकाशा) लवकर भरतो, गंभीर नाटकाला लोक ‘बघू’ म्हणतात. तरी दोन आणले. एकात आतबट्ट्याचा व्यवहार झाला.

प्रकाशयोजना करणारा हौशी रंगकर्मी, तासगाव

संहितेत ‘अंधार’ एवढाच शब्द असतो आणि वाचणारा तो अर्ध्या क्षणात ओलांडतो. राज्य नाट्य स्पर्धेसाठी बसवलेल्या एका नाटकात तो अंधार एकदम करावा की हळूहळू, यावर आमच्या चार तालमी गेल्या. प्रयोगाच्या दिवशी एका नाट्यगृहात दिवे मंद करणारा डिमर अडकला आणि अंधार ना एकदम झाला, ना हळूहळू. तीन हप्त्यांत झाला. एका परीक्षकांनी त्याचे कौतुक केले. आम्ही काही बोललो नाही.

निवृत्त कर्मचारी, गावभाग, सांगली

येथे सर्वांनी छापील पुस्तकाविषयी लिहिले आहे, म्हणून थोडे मागचे लिहितो. 1843 साली सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केले, तेव्हा आजच्या अर्थाने संहिता नव्हती. सूत्रधार पदे म्हणत असे आणि पात्रे प्रसंगानुसार आपले बोलणे आयत्या वेळी बोलत. म्हणजे या गावात नाटक आधी झाले आणि वाचणे मागाहून आले.

आमच्या हौशी संघाच्या हस्तलिखित प्रती मी पेटीत जपून ठेवल्या होत्या. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी घरात शिरले आणि आठवडाभराने पेटी उघडली, तेव्हा पानांचा लगदा झाला होता. त्यातही काही पाने सुटी करता आली. संवाद शाईने उतरवलेले होते, ते निळ्या डागांपलीकडे उरले नाहीत. दिग्दर्शकाच्या सूचना मात्र मी तालमीत पेन्सिलीने समासात लिहीत असे, त्या जशाच्या तशा आहेत. एका पानावर माझ्या अक्षरात ‘येथे थांबणे’ असे दोनदा अधोरेखित केलेले दिसते. कोणत्या वाक्यानंतर थांबायचे होते, ते मला काही केल्या आठवत नाही.