शब्दचर्चा: वॉलेट ‘सिंक’ होतं म्हणजे काय होतं? समक्रमण, खतावणी की फेरफार वाचणं

तिफण
नवख्यांसाठी बिटकॉइन कोअरची (बिटकॉइनच्या व्यवहारांची सगळी वही आपल्या संगणकावर आणून तपासणारा प्रोग्राम) मराठी माहितीपत्रिका तयार होते आहे. वाचणारे यवतमाळ-वाशीमकडच्या खेड्यांतले. बाकी सगळं जमलं, ‘सिंक’वर (ती वही आजपर्यंतची पुरी करणं) गाडी रुतली. संगणकाच्या मराठी भाषांतरांत ‘समक्रमण’ छापतात. ते वाचून पोरांना वाटतं, फोनमधले फोटो वर चढतात तसं काहीतरी चाललंय, चहा पिईस्तोवर होईल. मग पडद्यावर ‘१६ वर्षे मागे’ असं येतं आणि प्रोग्रामच बिघडला समजून लोक तो काढून टाकतात. शब्द सुचवा. ‘प्रून’ (तपासून झालेला वहीचा जुना भाग पुसणं), ‘वॉलेट’ आणि हे ‘मागे’ यांचंही पाहू.

रोजकीर्द
‘समक्रमण’ नको. दोन घड्याळं एकमेकांशी जुळवली की समक्रमण झालं. त्यात दोन्ही बाजू बरोबरीच्या असतात. इथं एका बाजूला ३ जानेवारी २००९ पासूनची वही आहे आणि दुसऱ्या बाजूला कोरा संगणक. तो वही नुसती उतरवून घेत नाही. पहिल्या पानापासून प्रत्येक नोंद तपासतो: ज्या नाण्याची ही नोंद आहे ते खरंच होतं का, आधीच खर्चून तर झालं नाही ना, आणि अलीकडच्या नोंदींत सही जुळते का (फार जुन्या सह्या मूळ सेटिंगवर तो पुन्हा तपासत नाही).

दुकानदारीत यासाठी जोडीचे शब्द आहेत. व्यवहार घडेल त्या क्रमानं लिहायचा ती रोजकीर्द. त्यावरून खात्यावार शिल्लक मांडायची ती खतावणी. कोअरच्या डेटा फोल्डरमध्ये हे दोन्ही शेजारी-शेजारी सापडतात. ‘ब्लॉक्स’ (ब्लॉक म्हणजे वहीचं एकेक पान) ही रोजकीर्द, १२८ एमबीच्या फायलींची चळत. २०२५ मध्ये तिचा एकूण आकार ६०० जीबीच्या वर होता. ‘चेनस्टेट’ ही खतावणी, म्हणजे आज न खर्चलेली सगळी नाणी. ती दहा-बारा जीबीत मावते. म्हणून ‘सिंक होणे’ला माझी सूचना ‘खतावणी होणे’. डाऊनलोड हा कामाचा एक भाग, उरलेला सगळा घाम खतावणीत जातो. फायबर असूनही जुन्या हार्ड डिस्कवर आठवडे का लागतात, ते या शब्दातून आपोआप कळतं.

धुरा
इचार चांगला हाये जी, पन खतावनी आता कोन्या पोराले ठाऊक हाये? दुकानात बी कंप्यूटर आला. गावात समजते असं सांगा. पटवाऱ्याकडं दोन चिजा राह्यतात. एक फेरफार, गाव नमुना ६. कोनं कोनाले इकलं, वारस कोन लागला, बोजा कवा चढला, सारं नंबरानं लिव्हलेलं. दुसरा सातबारा, आज कोनाच्या नावावर काय हाये थे. सातबाऱ्यावर फेरफाराचे नंबर बी असतात, मांगचा दाखला पाह्याले. बिटकॉइनचंही तसंच, दर खर्चात मांगच्या व्यवहाराचा दाखला राह्यते. मंग ब्लॉकचेन म्हनजे फेरफार, चेनस्टेट म्हनजे सातबारा, अन् सिंक म्हनजे एक नंबरच्या फेरफारापासून वाचत येऊन सातबारा आपल्या हातानं तयार करनं. काहून वेळ लागते, हे सांगाचं काम पडत नाई.

पांदण
धुरा भाऊंची उपमा पाह्यल्याबरोबर पटते, एका ठिकाणी मात्र ती उलटी पडते. फेरफार नोंद मंडळ अधिकारी प्रमाणित करतो, म्हणून आपण सातबाऱ्यावर विश्वास ठेवतो आणि जुने फेरफार वाचत बसत नाही. इथं मंडळ अधिकारीच नाही. म्हणूनच प्रत्येकाला वाचावं लागतं. पत्रिकेत एवढं एक वाक्य टाकलं तर उपमा चालेल, एरवी ‘पटवारी कोण?’ हा पहिला प्रश्न येईल.

फोनमधली हलकी वॉलेटं कुठं बसतात, तेही यात सांगता येतं. ती उताऱ्यावर भागवतात. सगळे ब्लॉक न आणता फक्त ब्लॉकची शीर्षकं (प्रत्येक ब्लॉकच्या माथ्यावरची छोटी नोंद) तपासतात आणि आपल्या व्यवहारापुरता पुरावा सर्व्हरकडून मागवतात. शीर्षक ८० बाइटचं. ९ लाख ब्लॉक धरले तरी ७२ एमबी. बिटकॉइनची कल्पना मांडणाऱ्या सातोशी नाकामोतोच्या २००८ च्या निबंधात वर्षाला ४.२ एमबी असा हिशेब आहे, तो याच शीर्षकांचा. इलेक्ट्रमसारखं हलकं वॉलेट दोन-पाच मिनिटांत तयार होतं आणि कोअर होत नाही, याचं कारण एवढंच. पहिलं चांगलं नि दुसरं वाईट असा त्याचा अर्थ नाही. मात्र उतारा मागताना तुमचे पत्ते (पैसे घ्यायचे क्रमांक) कोणते हे सर्व्हरला कळतं.

तिफण
‘फेरफार वाचणं’ समजावताना वापरतो, पण क्रियापद म्हणून लांब होतं. आता ‘मागे’. पडद्यावर येतं ‘इतकी वर्षे मागे’. मागे राहिलेल्या ब्लॉकांना एक नाम हवं.

पांदण
अनुशेष. विदर्भात हा शब्द शिकवावा लागत नाही, १९८४ च्या दांडेकर समितीच्या अहवालापासून तो घरोघरी गेलेला आहे. गुणधर्मही तोच: भरून काढता काढता वाढत जातो.

हिशेब मांडून दाखवतो. दर दहा मिनिटांना सरासरी एक ब्लॉक, म्हणजे दिवसाला १४४. अलीकडे एका ब्लॉकचा आकार बहुधा दीड ते पावणेदोन एमबी. दिवसाची भर साधारण २२० ते २५० एमबी. फोनच्या हॉटस्पॉटवर रोजचा दीड जीबीचा पॅक असेल तर ६०० जीबीला ४०० दिवस, असं सरळ भागून येतं. पण रोज पाव जीबी नवं येतंच आहे, म्हणजे अनुशेषातून प्रत्यक्षात सवा जीबीच कमी होतो. झाले ४८० दिवस. उलट ३० एमबीपीएसचं फायबर खरोखर तेवढ्या वेगानं चाललं तर डाऊनलोड दोन दिवसांच्या आत. तेव्हा पत्रिकेत ठळक लिहा: दिवसाच्या पॅकवर पूर्ण नोड (सगळी वही तपासणारा कोअर) बसवू नये. एकदा अनुशेष भरला की मात्र रोजची भर त्या पॅकमध्येही मावते. ‘ब्लॉक्सओन्ली’ हा पर्याय चालू केला तर अजून ब्लॉकात न गेलेले सुटे व्यवहार येत नाहीत, तेवढा डेटा वाचतो. आपल्याकडून इतरांना जाणारा डेटाही पॅक खातो. त्याला ‘मॅक्सअपलोडटार्गेट’नं लगाम घालता येतो.

आणखी एक. ‘वर्षे मागे’ हा आकडा फसवा आहे. २००९ ते २०१२ चे ब्लॉक लहान, ती वर्षं झपाट्यानं सरतात आणि माणूस खूश होतो. २०१७ नंतरचं एकेक वर्ष मग मुंगीच्या पावलानं जातं. वर्षं मोजू नका, शेजारची टक्केवारी पाहा.

धुरा
अनुशेष! याच्यापरीस नेमका शब्द भेटनार नाई.

रोजकीर्द
मान्य. मग तक्रारीचे शब्दही वेगळे करा. ‘सिंक होत नाही’ असं एकच वाक्य तीन वेगळ्या दुखण्यांसाठी वापरलं जातं आणि उपाय चुकतो. माझी विभागणी: रखडलं, अडकलं, दिसत नाही.

रखडलं म्हणजे पुढं जातंय, पण हळू. दोष बहुतेक वेळा डिस्कचा. खतावणी करताना संगणक डिस्कवर इकडून तिकडून लाखो लहान नोंदी वाचतो-लिहितो. फिरत्या हार्ड डिस्कचं डोकं तिथं दमतं. पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्ड तर विसराच. एसएसडी हाच खरा इलाज. पूर्ण वहीसाठी १ टीबीची घ्या. लहान एसएसडी आणि मोठी जुनी हार्ड डिस्क असेल तर चेनस्टेट एसएसडीवर ठेवून ‘ब्लॉक्सडिर’नं ब्लॉक फायली हार्ड डिस्कवर टाकता येतात. दुसरा उपाय फुकटचा: सेटिंग्ज, ऑप्शन्स, मेन इथं डेटाबेस कॅश (खतावणीसाठी राखलेली रॅम) असते, आवृत्ती २८ मध्ये ती मूळ ४५० एमबी होती. संगणकाला ८ जीबी रॅम असेल तर अनुशेष भरेस्तोवर ती ४००० करा, काम झालं की परत खाली आणा. ४ जीबी रॅमवर हजार-दीड हजाराच्या पुढं जाऊ नका. रॅम पुरली नाही की संगणक डिस्कवरच लिहीत बसतो आणि होतं त्याहून हळू होतं. मे महिन्यात अकोल्या-चंद्रपूरकडं दुपारी लॅपटॉप तापून प्रोसेसर स्वतःचाच वेग कमी करतो, तेव्हा रात्री चालवलेलं बरं.

अडकलं म्हणजे एकाच ब्लॉकवर तासन्‌तास उभं. आधी डिस्क भरली का ते पाहा. मग तारीख पाहा. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपला असेल तर लाइन गेली की तारीख कितीतरी वर्षं मागं जाते. ज्या ब्लॉकची वेळ आपल्या घड्याळाच्या दोन तासांहून पुढं असेल तो कोअर नाकारतो, म्हणजे सगळेच नवे ब्लॉक ‘भविष्यातले’ ठरतात. नवा सेल बसवून तारीख दुरुस्त केली की गाडी सुटते. लोक यासाठी अख्खी वही पुसून पुन्हा उतरवतात!

तिसरं कारण लाइनच. शेतातलं घर कृषी फीडरवर असेल तर आठ तासांचा पुरवठा आणि जाण्या-येण्याचा नेम नाही. चालू असताना लाइन गेली तर रॅममधलं, अजून डिस्कवर न उतरलेलं काम वाया जातं. कॅश जितकी मोठी तितकं जास्त. कधी डेटाबेसच तुटतो. म्हणून आधी इन्व्हर्टर, मग मोठी कॅश. तुटलाच तर ‘रीइंडेक्स-चेनस्टेट’ हा पर्याय: ब्लॉक शाबूत असतात, फक्त खतावणी नव्यानं होते, डाऊनलोड नाही. नुसतं ‘रीइंडेक्स’ ब्लॉक फायलींची अनुक्रमणिकाही नव्यानं बांधतं. दोन्हीला वेळ बराच लागतो, पण पॅक खर्च होत नाही.

पांदण
‘दिसत नाही’ मी घेतो. यात दोन प्रकार. पहिला: कोणी पैसे पाठवले, कोअर अजून २०१९ चे ब्लॉक वाचतोय, शिल्लक शून्य. पैसे कुठं गेले नाहीत. ती नोंद असलेल्या ब्लॉकपर्यंत वाचन पोचलं की दिसतील. तोवर संगणक बंद असला तरी बिघडत नाही. दुसरा: हलक्या वॉलेटमध्ये बॅकअपचे बारा किंवा चोवीस शब्द टाकून जुनं खातं उघडलं आणि शिल्लक कमी दिसली. बहुतेक वॉलेटं ओळीनं २० पत्ते रिकामे आढळले की शोध थांबवतात. दुकानदारानं प्रत्येक गिऱ्हाइकाला नवा पत्ता दिला असेल आणि वीस जणांनी पैसेच पाठवले नसतील, तर एकविसाव्याचे पैसे पडद्यावर येत नाहीत. ही मर्यादा वाढवायची. याला ‘सिंक’ म्हणूच नये.

आणि म्हणूनच ‘पाकीट’ किंवा ‘बटवा’ हे शब्द मला खटकतात. नाणी वहीत असतात, वॉलेटमध्ये नसतातच. आत फक्त चाब्या.

धुरा
चाब्यांचा जुडगा म्हना. चाबी हारपली त वाडा राह्यते तिथंच, पन आत जाता येत नाई.

तिफण
‘जुडगा’ समजावताना घेतो. नाव म्हणून ‘वॉलेट’ तसंच ठेवतो, कारण बटणावर तेच लिहिलेलं आहे. आता ‘प्रून’. छाटणी?

धुरा
संत्र्याच्या बागंत वाळलेल्या काड्या काढतात त्याले सल काढनं म्हनतात. जितं लाकूड ठिवाचं, मेलेलं काढाचं. छाटनी केली त फांदी पुन्ना फुटते. इथं जुना ब्लॉक काई फुटून येत नाई. म्हनून सल काढनं.

रोजकीर्द
सुरेख, फक्त अमरावती-नागपूरच्या बाहेर टीप द्यावी लागेल. शब्द कोणताही घ्या, पण एक गैरसमज हटकून होतो: प्रून केलं की डाऊनलोड कमी होईल. होत नाही. सगळे ६०० जीबी येतात, तपासले जातात आणि मग जुने पुसले जातात. वाचते ती फक्त डिस्कची जागा. किमान मर्यादा ५५० एमबी ब्लॉकांची, त्यावर चेनस्टेट, म्हणजे १५-२० जीबी मोकळे असले की भागतं. पहिल्यांदा प्रोग्राम उघडताना जागा मर्यादित ठेवण्याची चौकट येते, तिथंच खूण करावी. नंतर पूर्ण वही हवीशी वाटली तर ती पुन्हा पहिल्यापासून आणावी लागते. जुनी चाबी नंतर आयात केली आणि तिचे व्यवहार पुसलेल्या ब्लॉकांतले असले, तरीही तेच. सल काढलेल्या नोडवर रीइंडेक्स करायची वेळ आली, तरीही तेच. वीज बेभरवशाची आणि पॅक मोजका असेल तिथं हा पर्याय म्हणूनच जरा महागात पडतो.

तिफण
मग तालुक्याला फायबर आहे आणि गावात नाही, अशा ठिकाणी?

पांदण
डिस्कवर वही आणायची. देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा, दोन्ही प्रोग्राम नीट बंद करून ‘ब्लॉक्स’ फोल्डर पूर्ण उचलायचं. आतली एक्सओआर नावाची इवलीशी फाइल सुटू देऊ नका. आवृत्ती २८ पासून नव्यानं उतरवलेले ब्लॉक चिठ्ठी टाकून काढावी तशा एका संख्येनं घोळून ठेवलेले असतात आणि ती संख्या त्याच फायलीत असते. वॉलेटची फाइल कोणाला द्यायची नाही, कोणाची घ्यायची नाही. यापुढं शब्दाचा प्रश्न आहे. चेनस्टेटही उचलून आणलं तर प्रत उतरली की काम झालं, पण तो दुसऱ्यानं लिहिलेला सातबारा झाला. फक्त ब्लॉक्स आणून घरी रीइंडेक्स केलं तर डाऊनलोड वाचलं आणि फेरफार मात्र तुम्हीच वाचले. पहिल्याला मी ‘झेरॉक्स’ म्हणेन, दुसऱ्याला ‘खतावणी’.

रोजकीर्द
मधला रस्ताही आहे. आवृत्ती २८ मध्ये ब्लॉक ८,४०,००० वेळच्या खतावणीची प्रत वेगळ्या फायलीतून भरता येते. तिचा ठसा (तिच्या मजकुरावरून काढलेली ओळखीची संख्या) प्रोग्राममध्येच कोरलेला असल्यानं दुसरीच फाइल दिली तर नाकारली जाते. त्यापुढचे ब्लॉक वाचून काम सुरू होतं आणि पहिल्यापासूनची तपासणी मागं चालू राहते. डाऊनलोड तेवढंच, थांबणं कमी.

धुरा
म्हनजे आंधी सातबारा हातात, मांगून फेरफार. पटवाऱ्याकडं बी असंच चालते, नाई का?

तिफण
ठरलं ते असं लिहितो: अनुशेष, सल काढणं, चाब्यांचा जुडगा. ‘सिंक’ पडद्यावर आहे तसाच, पहिल्यांदा येईल तिथं कंसात खतावणी. ‘कन्फर्मेशन’ (व्यवहाराच्या ब्लॉकपासून पुढं किती ब्लॉक झाले ती मोजणी) राहिलंच. ‘शिक्का’ म्हणावं का? सहा कन्फर्मेशन म्हणजे सहा शिक्के?

पांदण
शिक्का एकदा बसला की बसला. कन्फर्मेशन दर नव्या ब्लॉकबरोबर वाढतं, वर माती चढत जावी तसं. ‘थर’ पाहा. सहा थर.