मागचं नको, पुढचं चेनव्हील बदला
धुळ्याजवळच्या लळिंग घाटासाठी फोल्डिंग सायकलला मागे ३४ दात्यांचं फ्रीव्हील (मागच्या चाकावरचं दातेरी चक्र) लावा, असा सल्ला दिला जातो; तो चढापुरता बरोबर आहे. पण त्याला सहसा लांब केजचा (पट्ट्यांचा) डिरेलर, म्हणजे साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, लागतो आणि २० इंची चाकावर तो पार जमिनीजवळ लोंबतो. पावसाळ्यात शेतरस्त्यावर आपली काळी माती त्यात गच्च बसते, साखळी हलत नाही. त्यापेक्षा पुढचं, पेडलजवळचं ५२ दात्यांचं चेनव्हील काढून ४४ चं बसवा. मागच्या २८ दात्यांबरोबर पुढच्या-मागच्या दात्यांचं गुणोत्तर (जितकं कमी, तितका चढ सोपा) १.५७ येतं, ५२ आणि ३४ चं १.५३, म्हणजे जवळपास तेच! साखळीच्या साधारण चार कड्या तेवढ्या काढाव्या लागतात. सपाट रस्त्यावर वेग थोडा घटेल, पण घाट सीटवर बसून चढता येतो, हे मोलाचं.

आधी क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, बघून घ्या. चेनव्हील बोल्टचं असेल तर सुटं निघतं, रिव्हेटचं असेल तर अख्खा क्रँकसेट बदलावा लागतो.