मदत हवी आहे: बोर्डावर टीआरएल (थ्रू-रिफ्लेक्ट-लाइन, म्हणजे बोर्डावरच बनवलेल्या तीन नमुन्यांनी करायचं) कॅलिब्रेशन
नमस्कार मंडळी, कॉलेजच्या लॅबमधल्या दोन पोर्टच्या व्हीएनएवर (सिग्नल किती पुढे जातो, किती परत येतो ते मोजणारं मशीन) एफआरफोर (नेहमीच्या ग्लास-इपॉक्सी) सर्किट बोर्डावरचा २.४ गिगाहर्ट्झचा फिल्टर मोजतोय. केबलच्या टोकाला एसओएलटी (शॉर्ट-ओपन-लोड-थ्रू) कॅलिब्रेशन नीट केलं, मशीन तासभर चालू ठेवून मगच केलं, तरी पासबँडमधे (फिल्टर ज्या फ्रिक्वेन्सी जाऊ देतो तिथे) लाटा येतायत. मला वाटतं केबल बोर्डाला जोडणारे एसएमए कनेक्टर आणि दोन्हीकडच्या २५ मिमी ट्रेसमुळे (तांब्याच्या पट्टीमुळे), कारण पोर्ट एक्स्टेन्शन (मशीनमधे मोजायची जागा पुढे सरकवणं) लावलं तरी फेजच सरकते, कनेक्टरचं मिसमॅच (तिथून सिग्नल परत फिरणं) तसंच राहतं ना. म्हणून त्याच पॅनेलवर टीआरएल टाकायचं ठरवलंय, १ ते ६ गिगाहर्ट्झसाठी लाइन थ्रूपेक्षा (सरळ जोडणीपेक्षा) १२ मिमी लांब, म्हणजे दोन्हींतला फेजचा फरक साधारण २५ ते १५५ अंशांत बसतो. एवढी एकच लाइन पुरेल का? आणि रिफ्लेक्टला (सिग्नल परत फिरवणाऱ्या नमुन्याला) ओपन, म्हणजे उघडं टोक घेऊ की व्हाया (ग्राउंडपर्यंतचं तांबं लावलेलं भोक) टाकून शॉर्ट? दोन्ही पोर्टांना तो अगदी सारखा हवा, तिथेच अडलोय. कुणी केलं असेल तर प्लीज सांगा, पुढच्या आठवड्यात बोर्ड बनवायला द्यायचाय.